शेवटचा डबा

गणपतीची आरास आपण गणपतीसाठी करतो, असा एक गोड गैरसमज आहे. आरास असते ती शेजाऱ्यांसाठी. गणपती बिचारा आराशीकडे पाठ करून बसलेला असतो. त्याच्यामागे हिमालय उभा केलाय की म्हैसूरचा राजवाडा, हे त्याला पाच दिवसांत एकदाही वळून बघता येत नाही. त्याला दिसतात ते फक्त दर्शनाला आलेले लोक, आणि त्यांचे डोळे प्रसादाच्या ताटाकडे लागलेले.

१९७८ सालापर्यंत आमच्या घरची आरास म्हणजे आईचा लग्नातला शालू मागे ताणून बांधलेला, दोन बाजूंना दोन आरसे आणि वर झिरमिळ्या. आरसे असे लावलेले की एका गणपतीचे सात दिसत. 'एका खर्चात सात गणपती' असं दादा म्हणायचा. कल्याणच्या आमच्या चाळीत याहून जास्त कुणी काही करत नसे, आणि जो करी त्याच्याकडे 'बोनस मिळालेला दिसतोय' अशा नजरेने बघितलं जाई.

१९७९ च्या जूनमध्ये अण्णा रिटायर झाले आणि आमच्या घरात रेल्वे आली. तोपर्यंत रेल्वे अण्णांना घेऊन जायची. आता उलटं झालं.

आमचे अण्णा मालगाडीचे गार्ड. युद्धाच्या धामधुमीत जी.आय.पी.त लागले, १९५१ साली जी.आय.पी.ची मध्य रेल्वे झाली तेव्हा गाडी न बदलता रेल्वे बदलली, आणि छत्तीस वर्षांनी कल्याणला उतरले ते कायमचे. गाडी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे इंजिन येतं. मुलं मोठेपणी ड्रायव्हर व्हायचं म्हणतात. 'मी गार्ड होणार' असं म्हणालेला मुलगा मी अजून पाहिलेला नाही. गार्ड बसतो शेपटाला. एक ब्रेकव्हॅन, बसायला लाकडी बाक, हाताने फिरवायचं ब्रेकचं चाक, हातबत्ती, लाल-हिरवी निशाणं, शिट्टी आणि लाइन बॉक्स नावाची एक लोखंडी पेटी, एवढा त्याचा संसार. पुढे चाळीस-पन्नास वाघिणी, त्यांच्यापुढे कुठेतरी इंजिन. छत्तीस वर्षं अण्णांनी जग पाहिलं ते मागे मागे जाताना.

त्यात मालगाडी. मालगाडीला वेळ नसते, फक्त उशीर असतो. गणपती आमच्या घरी यायचा तेव्हा अण्णा इगतपुरीला असायचे, आणि तो निघायचा तेव्हा लोणावळ्याच्या रनिंग रूममध्ये. या दोघांची बहुतेक दर वर्षी चुकामूक व्हायची. आई मोदक करी आणि पाच मोदक पितळेच्या एका डब्यात घालून फडताळात ठेवी. डब्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला पहिला सिग्नल. अण्णा कधी रात्री एकला येत, कधी दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर मोदकांची पार रया गेलेली असे. अण्णा ते निमूट खात, आणि आई त्यानंतर जेवायला बसे.

रिटायर झाल्यावर हे सगळं संपेल असं आम्हांला वाटलं होतं. पण माणूस रिटायर झाला तरी त्याची झोप रिटायर होत नाही. पूर्वी रात्री-बेरात्री कॉलबॉय यायचा, दारावर थाप मारायचा, वही पुढे करायचा, अण्णा सही करायचे. आता कॉलबॉय यायचा थांबला, अण्णांचं उठणं काही थांबलं नाही. रात्री दोनला ते उठत, तोंड धूत, इस्त्रीचे कपडे घालत आणि गॅलरीत खुर्ची टाकून यार्डातल्या गाड्यांचे आवाज ऐकत बसत. दिवसा तर त्यांची फारच पंचाईत. साखर कुठे असते, खिडकीची कडी कुठली बसते, दूधवाला कधी येतो, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. एकदा ते आईला म्हणाले, "बाथरूमला जाऊन येऊ का?" आई ताईजवळ म्हणाली, "घरात कुणी पाहुणे उतरल्यासारखं वाटतं गं. बोलतच नाहीत काही. गाडी चुकलेल्या माणसासारखे बसलेले असतात."

दादा तेव्हा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. म्हणजे घरातला फ्यूज उडवण्याचा अधिकृत परवाना त्याच्याकडे होता. त्याने जाहीर केलं, "यंदा आरास म्हणून रेल्वे करायची. विजेवर चालणारी. अण्णांचा घाट करू."

मुंबईच्या जुन्या बाजारातून पंचाहत्तर रुपयांना त्याने एक विलायती सेट आणला. एक इंजिन, तीन डबे, लंबगोल होईल एवढे रूळ. खोक्यावर प्रमाण लिहिलं होतं : ७६ ला १. घरातल्या विजेचे बारा व्होल्ट करून ते रुळांत सोडायचे, रुळांतून चाकांत, चाकांतून मोटरीत, असा सगळा मामला. ताईने हिशेब केला, की या प्रमाणात आमची एक फुटाची गणपतीची मूर्ती ७६ फूट उंच होते, आणि दोन इंचांचा मोदक साडेबारा फुटांच्याही वर जातो. "एवढा मोदक करायचा तर मला रेल्वेनेच नारळ आणावे लागतील," असं आई म्हणाली आणि पीठ चाळायला लागली.

अण्णा खुर्चीत बसून हे बघत होते. तिसऱ्या दिवशी उठले, फूटपट्टी घेऊन रुळांमधलं अंतर मोजलं, कागदावर गुणाकार केला आणि म्हणाले, "साडेसोळा मिलिमीटर. गुणिले ७६ म्हणजे १२५४. ब्रॉडगेजला १६७६ लागतात, मीटरगेजला हजार. ही गाडी नक्की कुठे चालवणार?"

रिटायर झाल्यापासून अण्णा बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य. दादाला राग आला, आईला मात्र आनंद झाला.

डोंगर आम्ही वर्तमानपत्रं आणि कणकेची खळ यांचा केला. आत खोकी, वर कागदाचे थर, त्यावर गेरू आणि हिरवा रंगवलेला भुसा. रूळ मखराच्या पुढून निघून मागे डोंगरावर चढायचे, बोगद्यात शिरायचे आणि दुसऱ्या अंगाने खाली यायचे. दादाने तीन फुटांत सहा इंच चढ ठेवला. इंजिन चढाला लागलं, जागच्या जागी चाकं गरगर फिरली, आणि अख्खी गाडी सभ्य माणसासारखी मागे सरकत येऊन सुपारीच्या गणपतीपाशी थांबली.

"चढ किती?" अण्णांनी विचारलं.

"सहाला एक."

"बोरघाट सदतिसाला एक आहे. सदतीस फूट चाललास की एक फूट वर. तोही अवघड म्हणून गाजलाय. तू सहाला एक काढतोस! इथे गाडी नाही, शिडी लागेल."

मग अण्णांनी आम्हांला घाट सांगितला. १८६३ साली बोरघाट खुला झाला तेव्हा डोंगर एका दमात चढणं जमेना. म्हणून वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन केलं होतं. गाडी कड्यापर्यंत जायची, तिथे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा डोंगर चढायची. १९२९ साली नवा मार्ग होईपर्यंत हे असंच चाललं होतं. दादाला रिव्हर्सिंग स्टेशन आवडलं, पण त्याला सांधे लागतात आणि सांध्यांना पैसे लागतात. सदतिसाला एकचा चढही आमच्या बारा फुटी खोलीला परवडेना. पुरी खोली ओलांडून गाडी चढणार जेमतेम चार इंच.

"मग आता?" दादा म्हणाला.

"कर्जतला काय करतात?"

"वडे खातात," मी म्हणालो.

"लोक वडे खातात तेवढ्यात मागे बँकर लावतात. घाट चढायला मागून रेटा देणारं इंजिन."

आमच्याकडे दुसरं इंजिन नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अकरा वर्षांचा, अंगाने किडकिडीत. बँकर म्हणून माझी एकमताने नेमणूक झाली. डोंगराच्या मागे, भिंत आणि खोकी यांच्यामधल्या नऊ इंचांच्या दरीत मी बसायचं, आणि गाडी चढाला लागली की शेवटच्या डब्याला तर्जनीने हलकेच ढकलायचं. त्या वर्षी 'विजेवर चालणारी रेल्वे' बघायला जे आले, त्यांनी खरं तर निम्मं माझं बोट बघितलं.

सगळं जमलं असं वाटलं आणि अण्णांनी गाडी अडवली.

"याला ब्रेकव्हॅन कुठाय?"

"नाहीये. इंजिन आणि तीनच डबे आहेत," दादा म्हणाला. "आणि अजून वजन लावलं तर इंजिन ओढणार नाही."

"शेवटच्या डब्याशिवाय गाडी सोडता येत नाही."

"अण्णा, ही खेळण्यातली आहे."

"असू दे. गाडी स्टेशनातून जाते तेव्हा स्टेशनमास्तर इंजिन बघत नाही. शेवटच्या डब्यावरची एल.व्ही.ची पाटी बघतो, रात्री लाल दिवा बघतो. तो दिसला तर गाडी सबंध आली. नाही दिसला तर मागचे डबे कुठेतरी सुटून राहिलेत. घाटात सुटलेले डबे म्हणजे काय, माहीत आहे तुला? शेवटचा डबा दिसल्याशिवाय मागच्या स्टेशनाला लाइन क्लिअर देत नाहीत. इंजिन काय, कुणालाही दिसतं."

हे ते जरा जोरात बोलले. दादा म्हणाला, "मग तुम्हीच करा." अण्णा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. त्या रात्री घरात कुणी फारसं बोललं नाही. डोंगरही ओला होता आणि माणसंही.

सकाळी उठून बघतो तो अण्णा गॅलरीत मांडी घालून बसलेले. पुढ्यात रिकामी काडेपेटी, ब्लेड, आगपेटीच्या काड्या आणि शर्टाची चार बटणं. काडेपेटीचा डबा झाला होता, बटणांची चाकं. मागे काड्यांचा कठडा, आणि विजेरीतला छोटा बल्ब लाल जिलेटीनचा कागद गुंडाळून शेपटाला लावलेला. त्याखाली सुईएवढ्या अक्षरांत 'एल.व्ही.' वजन एका पेढ्याइतकंही नव्हतं. दादाने तो हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि काही न बोलता बल्बला वायर जोडायला बसला. आमच्या घरात माफी मागायची हीच पद्धत होती.

चतुर्थीला गुरुजी आले. त्यांनी आयुष्यात बरीच मखरं पाहिली असतील, पण रुळांवरून वाकून प्राणप्रतिष्ठा त्यांनी केलेली नव्हती. दादा त्यांना म्हणाला, "बाराच व्होल्ट आहेत, काही होत नाही." त्यानंतर पळीतून पाणी सोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी गुरुजी मान वळवून विचारू लागले, "बंद आहे ना?" मंत्र, "बंद आहे ना", पाणी, मंत्र, "बंद आहे ना", पाणी. ताईला वाटलं की हाही पूजेचाच भाग आहे. तीही हात जोडून "बंद आहे" म्हणू लागली.

संध्याकाळी चाळ लोटली. अण्णांनी धोतरावर कोट चढवला होता आणि गळ्यात शिट्टी. आधी शिट्टी, मग हिरवं निशाण, मग दादाने बटण दाबायचं. गाडी निघाली. मखरासमोरून गेली, चढाला लागली, मी बोट लावलं, गाडी बोगद्यात शिरली आणि आतच थांबली.

याचं कारण आम्हांला नंतर कळलं. रुळांवर हळद-कुंकू सांडलं होतं, निरांजनातलं तूप उडालं होतं. चाक आणि रूळ यांच्यामध्ये तुपाचा एवढासा पापुद्रा आला तरी वीज अडते. देवाला जे जे प्रिय, ते ते रेल्वेला वर्ज्य. पण त्या क्षणी खोलीत पंचवीस माणसं आणि बोगद्यात गाडी, एवढंच खरं होतं. शेजारचे हेडक्लार्क म्हणाले, "अगदी हुबेहूब! आमची लोकलसुद्धा इथेच थांबते."

दादा घामाघूम. अण्णा मात्र एकदम दहा वर्षांनी तरुण झाले.

"कुणी हलू नका. गाडी सेक्शनमध्ये उभी आहे. आता गार्डाचं काम."

त्यांनी मला डोंगरामागून बाहेर काढलं आणि जमलेल्या लोकांना समजावून सांगितलं. गाडी मधेच थांबली तर मागून येणाऱ्या गाडीला कळणार कसं? म्हणून गार्डाने हातबत्ती घेऊन पाऊस असो, काळोख असो, रुळांतून मागे चालत जायचं. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. मागच्या इंजिनाचं चाक त्यावर आलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर सावध होतो.

"आता १२०० भागिले ७६," अण्णा म्हणाले. "पावणेसोळा मीटर. चल."

माझ्या हातात गेल्या दिवाळीच्या उरलेल्या टिकल्यांची डबी आणि एक दगड दिला. अण्णा पुढे हातबत्ती घेऊन, मी मागे, आणि आमच्यामागे चाळीतली सगळी पोरं. गॅलरीत पावलं मोजत निघालो. आठ मीटरवर, म्हणजे हेडक्लार्कांच्या उंबऱ्यासमोर, एक टिकली. पावणेसोळा मीटरवर, म्हणजे गॅलरीच्या पार टोकाला, समोरच्या काकूंच्या दारात, तीन टिकल्या. प्रमाणाने त्यांच्यामध्ये तेरा सेंटिमीटरचं अंतर. आत काकूंची आरती चालू होती. "वाजव!" अण्णा म्हणाले. टिकल्या पावसाळ्यात सादळलेल्या असणार असं मी धरून चाललो होतो. त्या सादळलेल्या नव्हत्या. काकूंच्या हातातलं तबक खाली आलं, काका पाटावरून उठले, आणि त्यांच्या धाकट्या मुलाने घाबरून घालीन लोटांगण ऐवजी खरंच लोटांगण घातलं.

त्या संध्याकाळी अण्णा पहिल्यांदा मोठ्याने हसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. मला वाटतं तिलाही तो आवाज नवीन होता.

तिसऱ्या दिवशी बोगद्याला दुसरं तोंड फुटलं. आधी आम्हांला कळेना, की रात्रीतून घाटात नवा बोगदा खणला कुणी. मग खळ कुरतडल्याच्या खुणा दिसल्या. डोंगर कणकेच्या खळीचा. म्हणजे उंदराच्या दृष्टीने आम्ही त्याला सहा फूट लांब पोळी वाढून ठेवली होती. दादा पिंजरा आणायला निघाला तर आई आडवी आली. "गणपती घरात असताना उंदराला पिंजरा? त्याचं वाहन आहे ते!"

"मग आमच्या वाहनाचं काय?" दादा ओरडला.

तोडगा अण्णांनी काढला. रात्री डोंगराच्या पायथ्याशी वाटीत थोडं खोबरं ठेवायचं. उंदराने करार पाळला. नव्या बोगद्याला अण्णांनी चुन्याने नंबर घातला : १ अ.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती चौथ्या रात्री घडली. दुसऱ्या दिवशी विसर्जन.

मला मध्येच जाग आली. बाहेरच्या खोलीत बारीक खडखड चालली होती. मी उंदीर म्हणून उठलो. दिवे मालवलेले, फक्त समई, आणि त्या उजेडात गाडी फिरत होती. अण्णा जमिनीवर बसले होते. शेजारी भिंतीला टेकून आई. तिच्या मांडीवर तो पितळेचा डबा.

अण्णा हळू आवाजात सांगत होते, "हा बोगदा समज. यातून बाहेर पडलं की खाली दरीत खोपोलीचे दिवे. एरवी स्थिर असतात. गणपतीत मात्र हलतात. ओळीने जातात. विसर्जनाला निघालेली माणसं. बदलापूर सोडलं की उल्हास नदीच्या कडेने बत्त्या दिसायच्या. आवाज नाही यायचा, गाडीच्या आवाजात. नुसते दिवे."

"मग तुम्ही काय करायचात?"

"हातबत्ती खाली ठेवून नमस्कार करायचो."

"कुठल्या गणपतीला?"

"लांबून काय कळणार! दिसेल त्याला."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं तुम्हांला सणाचं काही वाटतच नाही. आलात की मोदक खायचे आणि झोपायचे."

"झोप यायची नाही गं. नुसतं डोळे मिटून पडायचो. तू उशिरा जेवायचीस ते ऐकू यायचं."

गाडी मखरासमोरून गेली. काडेपेटीवरचा लाल दिवा गणपतीच्या पायांपाशी क्षणभर चमकून पुढे सरकला.

"तुमचं ते परवा ऐकलं मी," आई म्हणाली. "शेवटच्या डब्याचं. सव्वीस वर्षं माझ्याकडे गाडी यायची ती शेवटच्या डब्याशिवायच. मुलं आली, पाहुणे आले, गणपती आला. मी आपली हा डबा झाकून बसायची. लाइन क्लिअर काही देता यायची नाही."

अण्णा काही बोलले नाहीत. तेवढ्यात गाडी चढाला लागली आणि अडली. चाकं फिरायला लागली. अण्णांनी तिकडे बघितलं, आणि मागे न वळता, मी दारात उभा आहे हे बहुतेक त्यांना केव्हाच कळलेलं असावं, म्हणाले, "बँकर जागा आहे का?"

मी जाऊन बोट लावलं. गाडी वर गेली. आईने डबा उघडला. तिघांनी मिळून मोदक खाल्ले. कितीतरी वर्षांत त्या डब्यातले मोदक पहिल्यांदा त्याच दिवशीचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीची वेळ झाली. साडेसात वाजले तरी अण्णा झोपलेले. दादा उठवायला निघाला तर आईने हाताने थांबवलं. "असू दे. गार्डाने निशाण दाखवल्याशिवाय गाडी सुटत नाही." त्या सकाळी आमचा गणपती एक तास दहा मिनिटं लेट झाला. मला वाटतं, त्याने समजून घेतलं असावं. पाठीमागचं त्याला दिसत नसलं तरी ऐकू तर येत असणार.

अण्णा १९९४ साली गेले, आई नंतर काही वर्षांनी. चाळ गेली, तिथे इमारत झाली. २०२२ च्या जानेवारीपासून रेल्वेने गार्ड हे नावही बदललं. आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. मालगाडीच्या शेपटाला माणसाऐवजी लावायचं यंत्रही आलंय. गाडी सबंध आहे की नाही, ते यंत्र पुढे ड्रायव्हरला कळवतं. अण्णा असते तर यंत्राला त्यांची हरकत नव्हती. त्यांनी फक्त एवढंच विचारलं असतं, की खोपोलीचे दिवे दिसले की ते नमस्कार करतं का.

यंदा दादाच्या नातवाने पुन्हा रेल्वेची आरास काढली. पुण्याला कोथरूडमधलं लघुरेल्वेचं संग्रहालय बघून आल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याची गाडी मोबाइलवर चालते, सिग्नल आपोआप बदलतात, डोंगर थर्माकोल न वापरता तयार आणलेला, उंदराला त्यात काडीचा रस नाही. चढही त्याने हिशेबाने बसवलाय. सगळं बिनचूक होतं. मी कपाटातून पितळेचा डबा काढला, त्यात कापसात गुंडाळून ठेवलेली ती काडेपेटी काढली आणि गाडीच्या शेवटाला जोडली. नातू म्हणाला, "आजोबा, हे कशाला? ह्याने सगळा लूक जातो." मी त्याला लाइन क्लिअरची सगळी गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली, आणि मग मोबाइलवर बोट ठेवून माझ्याकडे बघत थांबला. शिट्टी मी वाजवावी म्हणून.

गाडी निघाली, चढाला लागली आणि काडेपेटीची बटणं अडकून बोगद्यात थांबली. बरं वाटलं. मी अभ्यासाने डोंगराच्या मागे गेलो आणि बोट आत घातलं.

बोट बोगद्यात मावेना. पंचेचाळीस वर्षांत बँकर बराच जाड झालाय.